त्याला सांग

माझी बस हिएतासाल्मीला पोचते सहा वाजून दहा मिनिटांनी
आणि परत फिरते साडेसहाला.
मधली वीस मिनिटं हिल्क्काच्या दुकानाची.

चार टेबलं, एक खिडकी.
काचेवर आतून वाफ, बाहेरून बर्फ,
त्यामुळे गाव दिसत नाही.
गाव आतच असतं.

जानेवारीत इथे उजाडतं दहाला,
तेही नाइलाजानं.
तोवर या खिडकीचा पिवळा चौकोन
हाच काय तो दिवस.

लाकडाची गिरणी बंद पडली तेव्हा भोंगाही गेला.
आता लोक हिल्क्काच्या कॉफीच्या वासावर
घड्याळं लावतात.
कॉफी तशी काही खास नाही,
पहिल्या फेरीला पातळ, दुसऱ्या फेरीला काढा.
पण पुल्ला, तो वेणीसारखा विणलेला गोड पाव!
हिल्क्काला वेलदोडा बारीक कुटायचा कंटाळा;
दाताखाली एखादा दाणा फुटतो
आणि माणूस बोलता बोलता थांबतो.
म्हणजे, बोलत असला तर.
इथे फारसं कुणी बोलत नाही.

दारापाशी दोरीवर हरवलेले हातमोजे,
सगळे एकेकटे.
एकाचा जोडीदार तळ्यात, एकाचा बहुतेक माझ्या बसमध्ये,
लाल लोकरीचा तर सात हिवाळे तिथेच.
इर्या म्हणते, यातल्या एकाची जरी जोडी जमली
तरी गावात लग्न लागल्यासारखं होईल.

आउलिस आणि रेइनो एकाच टेबलाशी बसतात.
एकोणीस वर्षांचा अबोला.
कुणी म्हणतं कारण जाळं, कुणी म्हणतं होडी,
आउलिसची बहीण म्हणते, कारण मी,
पण ती कशालाही मीच म्हणते.
टेबल बदलता आलं असतं.
पण शेगडीजवळचं एकच आहे,
आणि वैर झालं म्हणून काय गारठायचं?

"त्याला सांग," आउलिस कपात बघून म्हणतो,
"पुलाखालचा बर्फ पातळ झालाय."
हिल्क्का फडकं खांद्यावर टाकते
आणि ते वाक्य हातभर पलीकडे नेऊन ठेवते.
"त्याला सांग, मला डोळे आहेत."
तेही पोचवते. वर कॉफी ओतते.
त्या दिवशी रेइनो लांबच्या वाटेनं घरी गेला.
मी बसमधून पाहिलं.

मार्चमध्ये हिल्क्का खुबा बदलायला शहरात गेली,
तीन आठवडे. माझ्याच बसनं.
किल्ली पायपुसण्याखाली, दारावर चिठ्ठी:
पाणी रेघेपर्यंत. पैसे डब्यात. भांडणं बाहेर.

शाळेच्या बाईंनी पुल्ला केला, करपवला,
सगळ्यांनी मुकाट खाल्ला.
वृद्धाश्रमातली मारिसेल, मनिलाहून आलेली,
रात्रपाळी संपवून कपबश्या विसळायची.
एका पहाटे उणे बावीस होतं.
तिनं दोरीवरचा लाल चढवला एका हातात,
दुसऱ्यात कुणाचा तरी निळा,
आणि गेली.
इर्या एवढंच म्हणाली: लागलं.

आणि मग तो गुरुवार. आत आम्ही तिघंच.
किटली रेइनोच्या हातात.
निरोप न्यायला कुणी नाही.
आउलिसनं माझ्याकडे पाहिलं.
मी वर्तमानपत्र उचललं,
कालचं, आणि उलटं.
छपरावरून बर्फाची एक लादी घसरून पडली.

"दूध?" रेइनो म्हणाला.

साडेसहा झाले. मी उठलो नाही.
सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा
बस उशिरा सुटली, दोन मिनिटं.

"थोडं."

बस्स. यापुढे काही ऐकलं म्हणालो
तर ते खोटं होईल.

हिल्क्का परतली काठी टेकत.
डबा मोजला, पुन्हा मोजला:
अकरा युरो जास्त.
"कुणी?"
सगळे कपात बघत होते.

"त्याला सांग," आउलिस खाकरला,
"कॉफी तुझ्यापेक्षा त्याची बरी होती."

हिल्क्कानं फडकं खांद्यावर टाकलं
आणि निघाली ते वाक्य घेऊन.
काठीमुळे आता जरा वेळ लागतो.
दोघंही थांबून राहतात,
कुणाला घाई नाही.

मला असते. साडेसहाची.