कुंपणाचा वाटा

पहाटे साडेपाच. बार्लीच्या धसकटांत
जीप बंद करून बसलोय: मी, पर्सी थर्टल,
आणि मागे इमोजेन, मांडीवर नकाशा,
दातांत पेन्सिल.
नॉरफकला डोंगर नाही. नजर अडवायला
चर्चचा एक मनोरा, नि लांबवर
साखर कारखान्याचं धुराडं.

वडील म्हणायचे, कुंपणानंच शेत खाल्लं
तर दाद कुणाकडे मागायची?
म्हणून त्यांनी कुंपणंच उपटली, बहात्तर साली,
वर सरकारी अनुदान घेऊन.
मैलभर हॉथॉर्न, दोन दिवसांत.
मी सात वर्षांची. राखेत पाय भाजला
तेवढं आठवतं; बाकी सगळे खुशीत होते.

त्याच रेषेवर मी पुन्हा हॉथॉर्न लावलंय.
कडेनं सहा मीटर नांगर शिरत नाही.
शेजारचा रॉली म्हणतो, हेस्टर,
बांध कोरणारे पुष्कळ पाहिले,
बांधाला शेत कोरून देणारी तूच.
खरं आहे. खा म्हणते मी कुंपणाला.
गवत तुझं, तण तुझं,
तणावरची अळी,
आणि अळीवर वाढणारं अंगठ्याएवढं पिल्लू.

"आठ," पर्सी पुटपुटतो.
ढेकळं वाटली होती, ती चालू लागली.
करडे तित्तर.
इमोजेन ठिपका देते.

मार्च ते जून पर्सी कावळे धरतो, स्टोट धरतो,
कोल्ह्यासाठी रात्र रात्र जागतो,
तित्तरीण अंड्यांवर असते म्हणून.
इमोजेनला ते बघवत नाही.
पण त्यानं धरणं सोडलं त्या वर्षी
तिच्या वहीत टिटवीचं एकही पिल्लू नव्हतं.
भोवत्याला मात्र हात लावायचा नाही, कायदा आहे.
पर्सी टोपी मागे सारून त्याच्याकडे नुसता बघतो,
बिनबोलावल्या श्रीमंत पाहुण्याकडे बघावं तसा.

नोव्हेंबरात आठ बंदुका यायच्यात.
त्यांची आगाऊ रक्कम
पिंपांतल्या गव्हात गेली, रोपांत गेली,
पर्सीच्या पगारात गेली.
म्हणजे तित्तर स्वतःच्या मरणाच्या पैशांनी
स्वतःचा हिवाळा विकत घेतो.
मुलगी विचारते, आई, हे प्रेम आहे का?
मी बटाटे वाढते.

नियम आम्हीच केलाय, तिघांनी, माझ्या स्वयंपाकघरात:
साठ भरले तर शिकार.
एक जरी कमी, तर बंदूक पेटीत.

सात वाजता शेवटचं शेत संपलं.
इमोजेननं बेरीज केली, पुन्हा केली.
एकोणसाठ.

कुणी बोलेना. मग इमोजेनच म्हणाली,
आयुष्यात बंदुकीला हात न लावलेली इमोजेन,
"चरापाशी एक होता. मी पाहिला. साठ लिहू?"
तिला ठाऊक आहे गहू कुठून येतो.

पर्सीनं काच खाली केली, थुंकला.
आजोबांपासून शिकारीवर जगलेला पर्सी.
"तो लाल पायांचा. फ्रेंच. तो धरायचा नाही."

दोघंही माझ्याकडे बघत होते.
"एकोणसाठ लिही," मी म्हटलं,
आणि पैसे परत करायच्या पत्राचं पहिलं वाक्य
डोक्यात जुळवू लागले. जुळेना.

कुंपणात काहीतरी खुडखुडलं.
"साठावा असेल," इमोजेन.
"असेल," पर्सी किल्ली फिरवत म्हणाला.
"पण त्याला विचार आधी,
मोजून घ्यायचंय का."