लिफ्टमधला घोडा

तू विचारतेस, सानिता,
या वयात मावशी, असलं काय बघतेस?
मुडदे, लिफ्टमध्ये उभा घोडा,
बायकोला पुरून आल्यावर
कुंड्यांना पाणी घालणारा दंतवैद्य.
झोप तरी लागते का तुला?

लागते.
बातम्या बघितल्या तर लागत नाही.

एकतीस वर्षं मी कोर्टात टायपिस्ट होते,
इथंच, लिएपायात, ट्राम वळते त्या कोपऱ्यावर.
तीन प्रती, मधे कार्बन.
कितीही धुतली बोटं तरी सकाळी उशीला निळा डाग.
माणूस समोर बसून बोलायचा
आणि माझ्या यंत्रातून बाहेर पडेपर्यंत
त्याचा आरोपी झालेला असायचा.
तो रडला, तर ते टाइप करायचं नाही.
बोलता बोलता त्यानं विचारलं,
बाहेर बर्फ सुरू झालाय का,
तर तेही नाही.
साहेब म्हणायचे, मुद्द्याचं तेवढं घ्या, आउस्मा.
मी मुद्द्याचं तेवढं घेतलं.
उरलेलं कुठं जात असेल?

ते इथं आलंय.
गुरुवारी, रात्री साडेदहाला.

त्या दंतवैद्याकडेच बघ.
कॅमेरा त्याच्या हातांवर येऊन थांबतो, हलतच नाही.
नळ ठिबकतोय.
त्याला एकदम आठवतं, आईनं हातमोजे विणले होते,
एक लाल, एक हिरवा,
लोकर पुरली नाही म्हणून.
याचा खटल्याशी काडीचा संबंध नाही.
म्हणून तर मी खुर्ची पुढं ओढते.

आणि घोडा.
पहिल्या भागापासून तो लिफ्टमध्येच आहे.
लोक अंग चोरून शेजारी उभे राहतात,
आपापल्या मजल्यावर उतरतात.
कुणी म्हणत नाही, घोडा आहे.
तुला हसू येतं. तू एक्याण्णवनंतरची.
आमच्या प्रत्येक जिन्यात होता तो.
वास यायचा त्याचा,
आणि आम्ही एकमेकांना म्हणायचो,
आज वारा जरा कमी आहे, नाही?

तळमजल्यावरचा गुनार्स येतो बघायला.
त्याचा टीव्ही बिघडलाय, सात वर्षं झाली.
धुरावलेले मासे आणतो वर्तमानपत्रात बांधून,
तेल गालिच्यावर गळतं, मी ओरडते,
पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच.
शहात्तर साली त्यानं दिलेला एक जबाब
मी टाइप केला होता.
सख्ख्या मेव्हण्याविरुद्ध. दीड पान.
मेव्हणा परत आला तेव्हा तोंडात एक दात नव्हता.
टायपिस्ट कोण होती, हे गुनार्सला ठाऊक आहे का,
मला ठाऊक नाही.
हे तुला सांगायचं नव्हतं.

मागच्या गुरुवारी दंतवैद्य सापडणार होता.
पोलिसीण दारात, बोट घंटीवर.
गुनार्सच्या हातातला मासा तोंडाशी थांबला.
आणि माझ्या ध्यानात आलं,
आम्ही दोघंही देव पाण्यात घालून बसलोय
की याला मागचं दार सापडू दे.
एका खुन्यासाठी!
स्वतःची किळस आली मला.
आणि किळशीच्या मागोमाग, खोटं कशाला बोलू,
कुणीतरी गार हातात मोजा चढवावा,
तसं काहीतरी.
लाल की हिरवा, ते नको विचारूस.

भाग संपला. नावं वर सरकत राहिली.
गुनार्सनं कागदाची घडी केली, तेलकट बाजू आत.
दारात थांबला, टोपी फिरवत.
"घोड्याला शेवटी मारणार का गं ते?"
मी म्हटलं, नाही मारायचे.
"बरं," म्हणाला.

मग त्याची पावलं ऐकत राहिले,
चार मजले, सांधेदुखीची, एकेक पायरी.
लिफ्ट चालू होती, सानिता.
दिवा जळत होता तिच्यात.