दीड तासाचे साहेब

मिशी मी चिकटवली, हे आधीच कबूल करतो.
शिरोड्याच्या जत्रेत गेली सव्वीस वर्षं
मी शकुनीला भुवया देतो, गणपतशेटची द्रौपदी करतो.
मंत्री मात्र कधी केला नव्हता.

साहेबांना गालगुंड झालं. दोन्ही बाजूंनी,
ऐन पायाभरणीच्या सकाळी.
पुलाचा हा चौथा पाया. आधीचे तीन
खाजनात कुठे आहेत ते खेकड्यांना ठाऊक.
पीए धापा टाकत दारात:
"माणसं जमलीत, मंडप तासाच्या भाड्याने आहे,
तुमच्या वाड्यावर साहेबांच्या चेहऱ्याचा कोणी आहे म्हणे?"

होता. उपासो गावडे, पाडेली.
त्या घटकेला तो माडाच्या शेंड्यात होता.
मी बुंध्याशी उभा राहून ओरडलो,
"उतर रे, मंत्री व्हायचंय!"
वरून आवाज आला,
"सहा माड राहिलेत. मग होतो."

सदरा बसला. जाकीट बसलं.
चष्म्याच्या काचा काढल्या, फ्रेम ठेवली.
बुटांनी मात्र नकार दिला;
चाळीस वर्षं झाडाला धरणारे ते पंजे
नऊ नंबरात जाईनात.
"राहू दे," पीए म्हणाला, "अनवाणी नम्र दिसतं."
आणि बोटांवर मोजून सांगितलं:
हात जोड, हस, विकास म्हण,
नारळ वाढव, गाडीत बस.

हात जोडले. हसला.
विकास म्हणायला तोंड उघडलं
तेवढ्यात भटजींनी नारळ हातात दिला.

सवय वाईट.
त्याने तो कानाशी धरून हलवला,
नखाने वाजवला,
आणि माईकवर सगळ्या गावाला सांगितलं,
"हा कुजका."
दुसरा दिला. "हा वांझा."
तिसरा बराच वेळ कानाशी.
"हा मागच्या पायाभरणीचा."

पंचवीस नारळ, सरकारी खरेदी.
कंत्राटदार पहिल्या रांगेत
सोन्याची साखळी सदऱ्याच्या आत सारत होता.
एकेक फोडून पाहिला. म्हणाला तसाच निघाला.

आमच्या भीमाला टाळ्या पडतात, मी ऐकल्यात.
अशा नाहीत.
मागून कोणीतरी विचारलं,
"साहेब, पुलाचं काय?"
पीएने डोळे मिटून घेतले.
उपासोला भाषण एकच येत होतं,
रोजचं, पन्नास हातांवरून करायचं.
तेच केलं:
"सरका रे! पडतंय!"

माणसं सरकली. खरंच. खुर्च्यांसकट.
मग हसू फुटलं, आधी बायकांच्या बाजूने.
तो ओशाळला, मिशीचं एक टोक सुटलं,
ते दाबून धरत म्हणाला,
"वरून टाकणाऱ्याने
आधी हाक तरी मारायची असते."

पीए अर्ज गोळा करू लागला.
रांगेत कोंसेसांव माय. तिने तोंडाकडे बघितलंच नाही,
बघितलं घोट्यांकडे,
दोरीच्या फासाने पडलेल्या काळ्या कड्याकडे.
वाकून, अगदी हळू म्हणाली,
"साहेब, माझे बारा माड जूनपासून तसेच आहेत."
साहेब म्हणाले, "सोमवारी."

त्या मंडपात दिलेलं आणि पाळलेलं
तेवढंच आश्वासन माझ्या ऐकिवात आहे.

महिन्याने गाल उतरले, खरे साहेब आले.
कोणी हार घालेना. एका पोराने नारळ पुढे केला:
"वाजवून सांगा."
साहेबांनी तो दोन्ही हातांत धरला,
हसले, पीएकडे बघितलं,
आणि विकास म्हणाले.

मागच्या रांगेत कुजबुज झाली,
हा सोंग आहे, मिशी बघा त्याची.
धंद्याचा माणूस म्हणून मला पुढे ढकललं.
मी जवळ गेलो. नीट पाहिली.

मिशी खरी होती.
काम मात्र कच्चं.