चौदाशे दोन तास

निळ्या पिंपात पाय सोडून
रवळू मेतरांचं इंजिन उभं आहे,
चाळीस घोड्यांचं, फोर स्ट्रोक,
डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवलेली.
धुरीवाड्यातल्या माझ्या शेडमध्ये
सकाळपासून मुलगी दाखवायचा कार्यक्रम:
एकीकडे मेतरकाका, चपला बाहेर काढून आलेले,
दुसरीकडे देवबागचा सुजय कुबल.
त्याला पर्यटकांना डॉल्फिन दाखवायचेत
आणि तो मोबाइलवर किमती बघतोय.

"किती तास झाले ओ, काका?"
"हजारभर असतले. जास्त नाय."

मी गप्प.
विकायला आलेलं प्रत्येक इंजिन
हजाराच्याच आसपास असतं,
जसं लग्नाळू माणसाचं वय.

प्लग काढले. काजळी मऊ, दाट,
मंद आचेवर रात्रभर राहिलेल्या चुलीची.
झिंकचा ठोकळा खाऱ्या पाण्यानं निम्मा खाल्लेला.
गिअरचं तेल स्वच्छ, दूध झालेलं नाही.
पंख्याच्या पात्यांवर एक खरचटा नाही.
बाबा एवढ्यावरून वर्षं सांगायचे.
मी केबल जोडते.

उन्हात पडदा दिसत नाही,
म्हणून डोक्यावरून टॉवेल घेऊन आत वाकते,
वाफारा घ्यावा तशी.
एकूण: दोन हजार तीनशे सोळा.

सुजयनं शीळ घातली. "काका!"
मेतरकाका पिंपातल्या पाण्याकडे बघत राहिले.
"मी काय लपवूक नाय."

पण इंजिन नुसती बेरीज ठेवत नाही.
मिनिटाला किती फेरे आणि किती वेळ,
सगळं लिहून ठेवतं, वाण्याच्या वहीसारखं.
पूर्ण जोरात: पस्तीस.
त्याखाली: दोनशे अडुसष्ट.
मध्यम: सहाशे अकरा.
आणि हजार फेऱ्यांच्या आत,
जागच्या जागी, नुसतं गुरगुरत:
चौदाशे दोन.

ते वजा केले. उरले नऊशे चौदा.
म्हणजे हजारभरच.
होडी पुढे गेली तेवढेच तास
काकांनी धरले होते.

"काका, एवढा वेळ काय करत होतात?"

"जाळां सोडलंय, बसलंय, तरी चालूच.
जेवलंय, तरी चालू.
दर्यात मी इंजीन बंद करीत नाय."
मग, पिंपालाच सांगितल्यासारखं,
"एकदा केलंय. संगमाच्या तोंडाक. दत्तू होतो वांगडा.
मगे चालू झालांच नाय."

पुढचं देवबागात सगळ्यांना ठाऊक आहे.
सुजयनं मोबाइल खिशात घातला.

ते आधीचं इंजिन, जुनं, दोन स्ट्रोकचं.
त्याला कसली आठवण ठेवता येत नव्हती.
आणि असती तरी काय,
बंद पडल्यानंतरचे तास
कुठल्या रकान्यात धरतात?

मी उगाच हिशोब केला:
तासाला दीड लिटर म्हटलं तरी
दोन हजार लिटर पेट्रोल,
कुठेही न जाण्यासाठी.

चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहिले.
खाली: कार्बन साफ करणे, झिंक नवीन,
पाण्याचा पंप बदलणे.
भावाचं तुमचं तुम्ही बघा म्हटलं.

मग शेवटचं एकदा चालू करून दाखवलं.
मागच्या भोकातून धार पडली, जाड, सरळ,
पिंपातलं पाणी भातासारखं रटरटलं.
"बस, कळला," सुजय म्हणाला.

मी किल्ली फिरवली.
एकदम पलीकडच्या बर्फ-फॅक्टरीचा आवाज ऐकू येऊ लागला,
कुणीतरी कुणाला तरी शिव्या देत होतं.
मेतरकाका अजून पाण्याकडेच बघत होते.
हात मात्र
दोरीच्या मुठीवर.