एक दाणा म्हणजे वीस माणसं

जालन्याच्या नव्या मोंढ्यात, वैजनाथच्या बियाण्याच्या दुकानावर
तीन वर्षं आम्ही एका राज्यातून चालतोय.
सावकाश. एका रात्रीत एक पूल, कधी नुसती पायवाट.
मुद्दस्सिरचा तिरंदाज लंगडा,
रेणुकाची जादूगारीण फक्त ओल्या लाकडाला आग लावते,
एवढ्यावर आमचं भागायचं.

आता समोर खिंड. खिंडीत राक्षस.
आकडा मीच झोकात टाकलेला: दोन हजार.
एकेकाचा फासा टाकत बसलो तर दिवाळी जाईल,
मुद्दस्सिर म्हणाला, अन् रमजान बी.

म्हणून दुसऱ्या खेळाचे नियम आणले,
शिशाच्या इवल्या सैनिकांचे.
सैनिक कुठले इथं? वैजूनं खालची पोती सोडली.
आपल्याकडून तूर, त्यांच्याकडून मका,
औषध लावलेला, गुलाबी भडक.
"हात धुतल्याबिगर चिवड्याला शिवायचं नाही."
सळईच्या कारखान्यातले नट घोडदळात.
चादरीखाली गाईडं सारली, डोंगर झाला.
अंतराला रेणुकाच्या आईची शिवणाची टेप.

एक दाणा म्हणजे वीस माणसं, मी वाचून दाखवलं.
तुकडीचा चौथा हिस्सा पडला की धीराचे दोन फासे.
सातच्या आत आलं, की पळ.

किती हलकं होतं ते!
तासाभरात चारशे माणसं नखानं बाजूला सारली.

"थांब," रेणुका म्हणाली. "यातली गोदी कोणती?"

गोदी. नदीकाठची कुंभारीण,
नावही मी ऐनवेळी दिलेलं, हिनं विचारलं म्हणून.
तिनं यांना रात्रभर भट्टीमागं लपवलं,
निघताना एक फुटकं मडकं दिलं,
चांगलं देणं परवडत नाही म्हणाली.
रेणुकाच्या कागदावर अजून आहे: मडकं, फुटकं, एक.
मागच्या खेपेला मीच बोलून गेलो होतो
की डाव्या तुकडीत गावची माणसं भरती झालीत.

पुस्तक उलटंपालटं केलं.
वीसजणांच्या दाण्यात एकजण कुठं बसतो,
असं कलम नाही.

रेणुकानं पर्समधून नेलपेंट काढलं,
एका तुरीला टिंब दिलं, फुंकर घातली.
वाळेपर्यंत दोन हजार राक्षस उभे.

नंतर डावीकडं कुणी जाईना.
राक्षसांचा सेनापती वैजू, तोही वळसा घालून गेला.
"चिखल दिसायलाय तिकडं."
चादरीवर कुठलाच चिखल नव्हता.

तरी दाणे पडत गेले. फासे मलाच टाकावे लागले.
तीन. एक.
पळ: रस्त्याच्या बाजूला, बारा इंच.

तिघं असे ओरडले
की समोरच्या लॉजची खिडकी उघडली.
खिंड गेली, राज्य गेलं,
मुद्दस्सिर मांडीवर थापा मारतोय.

दोन वाजता निवडायला बसलो, तूर तुरीत, मका मक्यात.
मिसळलं तर गिऱ्हाईक दारात येऊन शिव्या देईल.
टिंबाची तूर सापडली नाही.
चादर झटकली, मोबाईलच्या उजेडात फरशी पाहिली,
रेणुकाच म्हणाली, राहू द्या.

नळ आठव्या दिवशी. बादलीत बुडाशी पाणी.
एका मगात चौघांनी हात धुतले,
गुलाबी पाणी मोरीतून गेलं,
मग चिवडा.