सूचनापेटीची किल्ली

किल्ली माझ्याकडे आली
तेव्हा बुटाच्या नाडीत ओवलेली होती.
आधीचा सचिव, टेकाळे, आता चाकणला कंपनीत,
म्हणाला, शुक्रवारी उघडायची. हसायचं नाही.
झालं हस्तांतरण.

पत्र्याची पेटी, कॅन्टीनच्या जिन्याखाली.
वर पांढऱ्या रंगात 'विद्यार्थी मंडळ आपल्या सेवेशी',
त्यातलं 'सेवे' कुणीतरी नखानं खरवडून
फक्त 'शी' शिल्लक ठेवलेलं.

पहिल्या शुक्रवारी निघाल्या सहा चिठ्ठ्या,
वडापावचा तेलकट कागद, त्यावरही मजकूर: चटणी वाढवा,
आणि पालीचं शेपूट.
मी सगळं वहीत उतरवलं, शेपूट सोडून.

एकानं लिहिलं होतं:
पेपर पुन्हा तपासायला पैसे भरले, त्याला तीन महिने झाले,
पास का नापास तेवढं कळलं तर
घरी खोटं बोलणं थांबवीन.
आणि नंदुरबारच्या वळवीनं, चक्क सही करून:
शिष्यवृत्तीच्या खिडकीतली बाई चांगली आहे,
खिडकी वाईट आहे.

मी त्याला गाठलं. म्हटलं, म्हणजे काय?
म्हणाला, खिडकी फार खाली आहे.
वाकून बोलावं लागतं,
आणि वाकलं की सरळ बोललेलंही
मागितल्यासारखं ऐकू येतं.

बैठकीत मी हे वाचून दाखवलं.
अध्यक्ष म्हणाले, खिडकी आपल्या अखत्यारीत नाही.

अभ्यासिका होती.
ती रात्रभर उघडी हवी म्हणून बाराशे सह्या जमवल्या,
कुलसचिवांच्या दारात चार तास बसलो,
घोषणा दोनच होत्या, त्याही संपल्या,
मग भेळ खाल्ली.
मंजुरी आली. पेढे वाटले. फोटोत मी
उजवीकडून तिसरा, तोंडात पेढा.

पुढच्या शुक्रवारी पेटीत एकच कागद, चार घड्यांचा:
'अभ्यासिका रात्रभर. अभिनंदन.
आमचं गेट दहाला बंद होतं.'

खाली नाव नव्हतं. अक्षर सुरेख होतं.

सह्यांचे कागद पुन्हा काढले.
तीनशे चार सह्या मुलींच्या.
आम्ही त्यांच्यापुढे कागद धरला होता,
पेनही दिलं होतं, टोपण काढून.
विचारलं मात्र काहीच नव्हतं.

त्या रात्री वही घेऊन
मुलींच्या वसतिगृहाच्या गेटाशी गेलो.
गेटावरच्या घोलप मावशी म्हणाल्या, काय पाहिजे?
मत, मी म्हणालो.
निवडणूक नाय ना आत्ता, त्या म्हणाल्या.

जाळीच्या पलीकडे आधी तिघी, मग बऱ्याच.
एक म्हणाली, गेट उघडा.
दुसरी म्हणाली, आधी बांबूच्या बेटापाशी दिवा लावा, मग गेट.
मेहजबीन मुजावर म्हणाली, अभ्यासिकाच इकडे आणा ना,
पुस्तकांना कुणी आडवत नाही.
एकीचे वडील फोनवर होते. फोन हातात तसाच ठेवून
ती नुसती ऐकत होती.
माझ्या वहीत बाण, खाडाखोड, पुन्हा बाण.
मागून कुणीतरी म्हणालं,
आणि विचारायला आलास तो पावणेदहाला!

सगळ्या हसल्या. मीही, किल्लीच्या नियमाविरुद्ध.

मावशींनी कुलूप हातात घेतलं.
गेट उघडं ठेवा, नका ठेवू, तुमचं तुम्ही बघा,
पण माझी विश्रांतवाडीची शेवटची बस
कोणाच्या वहीत आहे का?
मी पान उलटलं.
लिही, त्या म्हणाल्या. मी तुमची सभासद नाय,
तरी लिही.

इतिवृत्त, जसं नोंदवलं तसं:
उपस्थिती, गेटाच्या आत एकतीस, बाहेर दोन.
विषय, गेट.
ठराव झाला नाही.
सचिवांनी पुढच्या वेळी लवकर यावे.