फिरतीचं ऑडिट

पहाटे पाचला नागपूर.
बॅगेत दोन शर्ट, हॉटेलचा साबण,
आतल्या खिशात काठमांडूचे सव्वादोन लाख.
मागच्या महिन्यात पणजीत गेले होते तीन.

दुर्री ते छक्की, अधिक एक.
दश्शी ते एक्का, उणे एक.
सत्ती, अठ्ठी, नव्वी येवोत की जावोत,
त्यांना कुणी मोजत नाही.

शेजारी विचारतात, तेव्हा ऑडिट म्हणतो. फिरतीचं.
सासरे, टेंभुर्णे गुरुजी, पेपरातून वर बघत नाहीत.
त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलंय.

बोटीवरच्या मॅनेजरनं खांद्यावर हात ठेवला.
"साहेब, एकवीस सोडून काहीही खेळा.
जेवण आमच्याकडून."
इतक्या मायेनं मला कुणी हाकललं नव्हतं.
जेवलो. सुरमई चांगली होती.

झिरो माइलच्या खांबापाशी मोजणं सोडायचं,
हे दरवेळी ठरतं.
पुढे बर्डीवर चिंधूभाऊची गाडी, तर्रीची वाफ.
"काऊन बे, कुठी होता इतके दिवस?"
पोह्यांवर चणे. सतरा.
सतरावर थांबायचं असतं.
तो न विचारता आणखी एक पळी ओततो.

घरी सगळे झोपलेले.
स्वयंपाकघरात कॅलेंडरवर नलूचा दुधाचा हिशोब:
मी नसलो की अर्धा लिटर, असलो की एक.
अर्धा, अर्धा, अर्धा, ओळीनं चोवीस दिवस.
येतोय म्हणून कळवलं नव्हतं मी.
आजच्या चौकोनात, शाईनं,
एक.